विश्लेषण : बाहेरचा बर्गर की घरचा खिमा? सुरक्षित नेमकं काय?

बर्गरच्या पॅटीत नेमकं काय असतं, हा प्रश्न सोशल मीडियावर सतत फिरत असतो. त्यावर ठरलेला सल्ला येतो, बाहेरचं खाऊ नका, मांस आणून घरीच खिमा करा. पण घरी केलं म्हणजे ते आपोआप सुरक्षित होतं का? नवी मुंबईतल्या स्वयंपाकघरात हा सल्ला कितपत लागू पडतो?

महाराष्ट्रात ‘बीफ’ म्हणजे काय?

घरी बीफ दळण्याचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्यापासून बंदी आहे. मार्च 2015 पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशीच्या मांसावर अशी सरसकट बंदी नाही, त्यामुळे इथल्या दुकानात कायदेशीरपणे ‘बीफ’ म्हणून मिळतं ते म्हशीचं मांस. त्यात चरबी कमी असते. म्हणून अमेरिकी रेसिपी जशीच्या तशी केली की पॅटी कोरडी होते. बहुतेक घरांत मात्र खिमा म्हणजे चिकन किंवा मटण.

मॅकडोनाल्ड्स 1996 मध्ये भारतात आलं, तेही बीफशिवाय. इथला ‘महाराजा मॅक’ सुरुवातीला मटणाचा होता, नंतर तो चिकनचा झाला.

साखळी दुकानातली पॅटी कुठून येते?

नवी मुंबईकरांसाठी याचं उत्तर अगदी जवळ आहे. मॅकडोनाल्ड्सच्या सुरुवातीच्या पुरवठादारांपैकी एक असलेल्या ‘व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्स’चा कारखाना तळोज्यात आहे. शाकाहारी आणि मांसाहारी उत्पादन तिथे वेगळं ठेवलं जातं. पॅटी गोठवून आउटलेटपर्यंत जाते आणि तिथे ठरलेल्या तापमानाला, ठरलेला वेळ तळली जाते. कर्मचाऱ्याच्या अंदाजावर कमीत कमी गोष्टी सोडायच्या, ही या पद्धतीची ताकद.

मग अडचण कुठे आहे? ग्राहकाला आत काय आहे ते दिसत नाही. अहमदनगरमधल्या मॅकडोनाल्ड्सच्या एका आउटलेटवर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 2023 च्या अखेरीस कारवाई केली. काही पदार्थांत चीजऐवजी चीजसारखा पर्यायी पदार्थ वापरल्याचा आक्षेप होता. त्यानंतर काही पदार्थांच्या नावातून ‘चीज’ हा शब्द काढण्यात आला. आपण खरं चीजच वापरतो, अशी भूमिका कंपनीने घेतली. वाद घटकांचा होता, पण मेन्यूवरच्या नावावर किती विसंबायचं, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

खिमा जास्त जोखमीचा का?

मांसाच्या अखंड तुकड्यावर जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. तुकडा तव्यावर पडला की ते आधी मरतात. खिमा करताना मात्र बाहेरचा भाग आत मिसळतो आणि जिवाणू पॅटीच्या मध्यापर्यंत पोहोचतात. त्यामुळे वरून खमंग दिसणारी पॅटी आतून धोकादायक असू शकते. खिमा कारखान्यात झाला, दुकानात झाला की घरच्या मिक्सरमध्ये, हा नियम बदलत नाही.

याचा सर्वात गाजलेला धडा अमेरिकेत मिळाला. 1993 मध्ये ‘जॅक इन द बॉक्स’ या साखळीचे अर्धकच्चे बर्गर खाऊन 700 हून अधिक जण आजारी पडले आणि चार मुलांचा मृत्यू झाला. कारण होतं ई. कोलाय जिवाणूचा एक घातक प्रकार. वॉशिंग्टन राज्याने बर्गरसाठी सुमारे 68 अंश सेल्सिअसचा नियम केला होता, साखळी मात्र 60 अंशांच्या जुन्या निकषावर चालत होती. म्हणजे यंत्रणा होती, पण त्यातला आकडा चुकीचा होता.

मे 2024 मध्ये वाशी खाडीपलीकडच्या मानखुर्दमध्ये गाडीवरचा चिकन शोरमा खाल्ल्यानंतर 19 वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. पोलिसांनी दोन विक्रेत्यांना अटक केली.

मग घरी करताना काय पाहायचं?

घरच्या खिम्याचा फायदा खरा आहे. कोणतं मांस, किती चरबी, किती मीठ हे आपल्याला माहीत असतं. सुरक्षिततेची जबाबदारीही मग आपलीच.

• शक्यतो अखंड तुकडा घेऊन घरी खिमा करा. दुकानातल्या यंत्रात आधीच्या मांसाचे अंश राहू शकतात. तिथेच खिमा करून घेणार असाल, तर यंत्र स्वच्छ करायला सांगा.
• मांस थंडगार असतानाच फिरवा. मिक्सरचं भांडं लवकर तापतं, म्हणून थोडं थोडं घ्या.
• कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. उडणाऱ्या थेंबांतून जिवाणू ओट्यावर, भांड्यांवर पसरतात.
• गोठवलेला खिमा ओट्यावर नाही, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवा. 32 अंशांपेक्षा जास्त उकाड्यात मांस तासाभराहून अधिक बाहेर ठेवू नका. नवी मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते.
• पॅटीच्या मध्यभागी चिकनसाठी 74 अंश, तर मटण किंवा म्हशीच्या मांसासाठी 71 अंश तापमान यायला हवं. हे अमेरिकेच्या कृषी विभागाचे निकष आहेत. रंगावर जाऊ नका, खिमा पुरेसा शिजण्याआधीच तपकिरी दिसू शकतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर ऑनलाइन सहज मिळतो.

थोडक्यात काय?

‘आत काय आहे?’ आणि ‘ते सुरक्षित आहे का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर घरच्या खिम्यात नक्की मिळतं. दुसऱ्याचं उत्तर स्वच्छता आणि तापमान देतात, मग गॅस घरचा असो वा दुकानातला. घरी बर्गर जरूर करा, पण तो आतपर्यंत शिजला आहे याची खात्री करूनच मुलांच्या ताटात वाढा.