एकाच वाटेचा डोंगर

शनिवारी रात्री विश्रांतवाडीच्या चौकात पाठपिशव्या सावरत मुलेमुली मिनीबसची वाट पाहत उभी असतात. गाडी पुढे दिघी-भोसरीवरून नाशिक रस्त्याला लागते. कुठे निघालात, असे विचारले तर बरेचदा उत्तर येते, हरिश्चंद्रगड. कुठल्या वाटेने, असे विचारले तर त्याहूनही ठरलेले उत्तर येते, पाचनई. पहिल्या उत्तराचा मला आनंदच होतो. दुसऱ्याची मात्र काळजी वाटते.

हरिश्चंद्रगड उंचीने 1424 मीटर. पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर (2024 पर्यंतचे अहमदनगर) या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे भिडतात तिथला हा डोंगर, आणि तिन्ही बाजूंनी त्याच्यावर वाटा आहेत. अकोले तालुक्यातल्या पाचनईची वाट सर्वांत सोपी. पायथ्यापर्यंत गाडी जाते, कातळभिंतीच्या कडेने अडीच-तीन तासांत माणूस मंदिरापाशी पोहोचतो. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरची वाट लांब. आधी टोलार खिंड, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा, आणि त्यानंतर पठारावरचे ते चढ-उतार, जे संपले असे वाटते तेव्हा पुढचा उभा असतो. मुरबाडकडच्या बेलपाड्याहून कोकणकड्याला बगल देत चढणारी नळीची वाट म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली घळ. तिला अख्खा दिवस द्यावा लागतो. त्याच गावातून साधले घाटही वर येतो.

या वाटा काही गिर्यारोहकांनी शोधलेल्या नाहीत. घाटाखालचा आणि घाटावरचा संसार त्यांनी जोडला होता. बँकेच्या नोकरीत असताना काही वर्षे मी ग्रामीण शाखेत होतो. पीककर्जाच्या अर्जावर जामीनदार म्हणून एकदा एकाने घाटाखालच्या मेहुण्याचे नाव घातले. मी म्हटले, ‘अहो बाबा, त्याला सहीसाठी माळशेजवरून यावे लागेल, खर्च केवढा!’ म्हातारा माझ्याकडे दयेने पाहत म्हणाला, ‘साहेब, तो एस्टीनं कशाला येईल? सकाळी निघाला की दुपारी भाकरीला माझ्याकडं.’ आमच्या शाखेच्या नकाशात ती वाट नव्हती. सोयरिकीच्या, बाजाराच्या, गुराढोरांच्या नकाशात ती ठळक होती.

आता मेहुणा एस्टीने किंवा मोटारसायकलने येतो, आणि ते योग्यच आहे. दोन हजार फूट चढून कोणी बाजाराला जावे, असा आग्रह शहरात बसून धरणे हा निर्दयपणा होईल. पण वाट नावाची वस्तू पायांवर जगते. एक-दोन पावसाळे कोणी गेले नाही की कारवी आणि गवत तिला गिळतात, दरड कोसळली तर वळसा पाडायला कोणी नसते, आणि ढोरवाटा इतक्या फुटतात की खरी कुठली हे गावातल्या एखाद्या वयस्कर माणसालाच सांगता येते. तो गेला की वाट गेली.

इकडे पाचनईच्या वाटेचे उलटे दुखणे. सुटीच्या दिवशी तिथे जत्रा असते. माती निघून मुळे उघडी पडतात, कठड्यापाशी रांग लागते, आणि कचऱ्याविषयी न लिहिलेले बरे. 1986 मध्ये अभयारण्य झालेल्या प्रदेशाचा हा भाग आहे, हे त्या गर्दीत कुणाच्या लक्षात येत असेलसे वाटत नाही.

मोबाइलमध्ये वाटेची रेघ असते, मग गावकऱ्याची गरज काय, असे मला एका तरुण मित्राने विचारले. रेघ जानेवारीतल्या माणसाची असते. ऑगस्टमध्ये तीच नळी म्हणजे धबधब्याची मोरी असते, हे रेघ सांगत नाही. टोलार खिंडीच्या वर धुके उतरले की चार पावलांवरचा सोबती दिसत नाही, आणि तिथे चकवा लागलेल्यांना शोधायला शेवटी पायथ्याचीच माणसे चढतात. पाऊस ओसरल्यावर खिरेश्वर आणि बेलपाड्याच्या माणसांकडून साधले घाट आणि टोलारची वाट साफ करून घ्यावी, त्याची रोख मजुरी द्यावी, वाटाड्याचा दर गावाने ठरवावा आणि पाचनईला दिवसाकाठी माणसांची मर्यादा घालावी. वनखात्याला हे अवघड नाही. एका नव्या कठड्याच्या खर्चात बरेच होईल. खडकांवर रंगाचे बाण मात्र नकोत. आणि नळीची वाट अवघडच राहू द्यावी. तिथे शिडी लावा म्हणणाऱ्यांनी खुशाल पाचनईने जावे.

पाचनईकरांच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप खरा आहे. पिठलं-भाकरीवर तिथल्या कित्येक घरांचे वर्ष निघते. म्हणून मर्यादा घालताना त्यांच्याशी बोलूनच ती घालायला हवी. पण खिरेश्वरातही चुली आहेत, बेलपाड्यातही आहेत.

आमच्या दारावरून जाणारा रस्ता आळंदीचा, आषाढीत माउलींची पालखी याच चौकातून पुण्याकडे जाते. ज्ञानेश्वरांनी ज्यांना पासष्ट ओव्या लिहून पाठवल्या त्या चांगदेवांचे नाव हरिश्चंद्रगडावरच्या शिलालेखात कोरलेले आहे. शके 1234 मध्ये, म्हणजे इसवी सन 1312 मध्ये, ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ इथे लिहिला गेला, असे सांगतात. हा मजकूर कोरणारे हात कुठल्या वाटेने वर आले असतील, हा विचार केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उभे असताना माझ्या मनात नेहमी येतो. तिथल्या चार खांबांपैकी आता एकच शाबूत आहे.

दिवाळीनंतर गवत वाळू लागले की खिरेश्वरने जावे. आदल्या रात्री गावात मुक्काम करावा, नागेश्वराचे देऊळ पाहून घ्यावे आणि उजाडताना निघावे. टोलार खिंडीत एका दगडावर वाघ कोरलेला आहे. पलीकडे कोथळ्याची वाट उतरते, डावीकडे गडाची चढते. वाघापाशी पाच मिनिटे बसून पाणी प्यावे. पुढे कातळ आहे.