'कोरोना बॅच' म्हणण्यापूर्वी

'कोरोना बॅच' हा शब्द अलीकडे कुचेष्टेने वापरला जातो, आणि तोही मुलांच्या देखत. मला तो खटकतो.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरले ते थेट २५ ऑक्टोबर २०२१ रोजी. मधे 'विद्यागम' योजनेत गुरुजी देवळात, झाडाखाली मुले जमवीत. ऑक्टोबर २०२० मध्ये तेही थांबले. मुले वाचन विसरली, पाढे विसरली. घरात मोबाईल एक आणि भावंडे तीन, तिथे धाकट्याच्या वाट्याला काय येणार? नुकसान झाले, हे कोण नाकारील?

पण त्या काळात मुले रिकामी बसली नव्हती. माझ्या पाहण्यातली कितीतरी मुले खानापूरकडे आजोळी राहून भाताची रोपलावण शिकली. कोणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या पाठ केल्या. आमच्या गल्लीतली मराठी पोरे तर कन्नड सवंगड्यांशी गोट्या खेळता खेळता असे कन्नड बोलू लागली की, (आम्हांला ते दहा वर्षे पुस्तकातून जमले नाही!) ऐकत राहावे. हे त्यांच्याजवळ आजही आहे. प्रगतिपुस्तकात त्याला रकाना नाही, इतकेच.

म्हणून शिक्षकांनी या मुलांना निबंधाला विषय द्यावा: 'शाळा बंद असताना मी काय शिकलो?' ज्याच्या घरचे माणूस त्या साथीत गेले, त्याला मात्र 'चांगले काय झाले' असे विचारू नये. त्याला नुसते बोलू द्यावे. आणि आपल्यापैकी जे सुट्टीत गावी जातील, त्यांनी शेजारच्या एखाद्या मुलाजवळ बसून त्याचे उत्तर उतरवून घ्यावे, मराठीत वा कन्नडमध्ये, तो सांगेल तसे.