गिटार कोणी वाजवली?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नागपूरच्या ताईचा "बीपीची गोळी घेतली का?" म्हणून फोन नको. घेतली.

परवा पुतण्या आला होता. त्याने माझ्या मोबाइलमध्ये 'जुनी गिटारवाली गाणी' अशी प्लेलिस्ट टाकून दिली. एकूण १४० गाणी. प्रत्येक गाण्याखाली गायकाचं नाव, सिनेमाचं नाव, वर नायक-नायिकेचं चित्र. मी चष्मा लावून खालपासून वरपर्यंत पाहिलं. गिटारची म्हणून गोळा केलेली १४० गाणी, आणि गिटार वाजवणाऱ्याचं नाव एकाही ठिकाणी नाही! विचारलं, तर म्हणतो, "काका, आरडीची आहेत ना ती." म्हणजे पंचमदांनी एका हाताने पेटी आणि दुसऱ्या हाताने गिटार वाजवली असावी. असो.

पुतण्यावर राग नाही. राग आहे तो 'सोनेरी गाणी', 'सदाबहार गाणी' अशा नावांनी साठ वर्षं संग्रह करणाऱ्या सगळ्यांवर. त्यात मीही आलो, ते पुढे सांगतोच.

आमच्या पिढीचे कान रेडिओने घडवले. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. (मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त. हेतू चांगला असेल हो, पण श्रोता काय हेतू ऐकत बसतो?) लोकांनी सरळ काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. शेवटी सरकारलाच शहाणपण आलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती निघाली. मग गाण्याआधी सिनेमा, गायक, गीतकार, संगीतकार अशी चार नावं सांगायची पद्धत रुळली. पद्धत उत्तमच. साहिर आणि मजरूह कोण, हे मला कॉलेजने नाही शिकवलं, रेडिओने शिकवलं.

पण त्याच रेडिओवर फर्माइशी असायच्या. झुमरी तलैयाहून अमुक, त्यांचे भाऊ, त्यांचे मित्रमंडळ... गाणं मागणाऱ्या दहा-दहा जणांची नावं वाचली जायची. ज्याच्या सहा तारांनी ते गाणं उभं राहिलं, त्याचं मात्र एकदाही नाही. आणि वेळ नव्हता म्हणून, असंही नाही. आकाशवाणीवर ख्याल लागला की "तबल्यावर साथ" म्हणून नाव यायचंच. मग तबलजी माणूस आणि गिटारवाला काय फर्निचर?

आता माझी गोष्ट. १९८४ साल. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १९९९ला झाला. आमच्या धाकट्याला गिटारचं वेड. (घरच्यांना नाव सांगायला नको. पुतण्या म्हणाला, काका, बाबांचं नाव नेटवर नको. ठीक आहे.) रेल्वेतल्या एका ओळखीच्या माणसाने हावडा मेलने कलकत्त्याहून त्याला गिटार आणून दिली होती. वडील म्हणाले, "हे काय टिंगटिंग लावलं?" मीही मराठीचा मास्तर, भावगीतांचा माणूस. मला ते जरा थिल्लरच वाटायचं.

तो म्हणाला, "दादा, गिटारच्या गाण्यांची एक कॅसेट करू." बाजारातल्या गाणी भरून देणाऱ्याकडे यादी घेऊन गेलो. त्याने विचारलं, "किशोर की रफी?" धाकटा म्हणाला, "गिटार." दुकानदार हसला आणि स्वतःच्या पसंतीची तीन गाणी घुसवून मोकळा झाला. मग आम्ही घरीच करायचं ठरवलं. टू-इन-वन, एक सी-६० कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे जेमतेम सात गाणी. नियम धाकट्याचा : ज्या गाण्यात गळ्याच्या आधी तार आठवते, तेच घ्यायचं. दोन पावसाळे गेले त्यात. गाणं लागायचं तेव्हा लाइट नसायची, लाइट असली की नेमकी कुकरची शिट्टी. 'अमर प्रेम'मधलं नावेतलं गाणं तर चौथ्या खेपेला मिळालं, तेही शेवटी निवेदकाच्या अर्ध्या वाक्यासकट. पण त्या पायी एकेक गाणं पन्नास वेळा ऐकलं आणि मला पहिल्यांदा कळलं की गिटार नुसती साथ करत नाही, गाण्याला बसायला ओटा बांधून देते.

कॅसेटचं कार्ड माझ्या अक्षरात लिहिलं. गाणं, सिनेमा, गायक, संगीतकार. धाकटा मागून वाकून बघत होता. म्हणाला, "दादा, वाजवणाऱ्याचं नाव कुठं लिहून राहिला तू?" मी म्हटलं, "कुठून आणू? आणि एवढं काय अडलंय त्यावाचून?"

हे बोललो तेव्हा तो ऑर्केस्ट्रात वाजवत होता. गणपतीच्या दिवसांत आमगाव, तिरोडा, बालाघाटपर्यंत जायचा. निवेदक 'गोंदियाचे किशोरकुमार' म्हणायचा, 'भंडाऱ्याच्या लता' म्हणायचा, मंडपवाल्याचे आणि साउंडवाल्याचे आभार मानायचा. धाकटा मागे ड्रमच्या बाजूला अंधारात उभा. बारा वर्षं वाजवलं त्याने, आणि स्टेजवरून त्याचं नाव आलेलं मी एकदाही ऐकलं नाही. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात बघा, ऑर्गनवाला आणि तबलजी रंगमंचासमोर लोकांच्या डोळ्यांदेखत बसतात. गावाला ते माहीत असतात.

तेव्हा नावं कळायला मार्ग नव्हता, हे खरं. आता ती सबब चालणार नाही. मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना भेटून ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी अभ्यासकाने २००८ साली 'बिहाइंड द कर्टन' हे अख्खं पुस्तक लिहिलं. 'यादों की बारात' (१९७३) मधलं ग्लासाच्या किणकिणाटाने सुरू होणारं गाणं घ्या. त्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची. 'हरे रामा हरे कृष्णा'तल्या (१९७१) त्या गाजलेल्या गाण्याची सुरुवातही त्यांचीच, आणि आमचं नावेतलं गाणंही. लोक त्यांना गझलगायक म्हणूनच ओळखत राहिले. २०२२ साली ते गेले, तेव्हा आमच्या वॉकिंग ग्रुपमधले दोघे म्हणाले, "अरे, ते गिटार वाजवायचे?" गोव्याच्या अँथनी गोन्साल्विसांना तर आपण सिनेमातलं गमतीदार पात्रच समजत होतो. ते खरे व्हायोलिनवादक, प्यारेलालांचे गुरू. शिष्याला गुरूचं नाव लोकांच्या तोंडी घालायला सिनेमाचं गाणं वापरावं लागलं!

यावर दोन उत्तरं मिळतात. एक, चाल संगीतकाराची, वादक सांगितलं तेवढं वाजवतो. अहो, मग गायक काय स्वतःच्या मनाने गातो? दुसरं, लोकांना गाणं ऐकायचं असतं, नामावळी नाही. मी तेहतीस वर्षं शिकवलं. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक कवितेला कवीचं नाव असतं, म्हणून कोणा पोराचा कवितेतला रस गेला नाही. नाव न छापता कविता छापली असती, तर आपणच बोंब ठोकली असती.

म्हणून म्हणतो, संग्रह करणाऱ्यांनो, १४० कशाला, चौदाच करा. पण ज्या वाद्याच्या नावाने करता, त्याच्या वादकाचं नाव शोधा, विचारा, आणि लिहा.

धाकटा २०११ साली गेला. कॅसेट माझ्याकडे आहे, फीत अजून चालते. परवा पुतण्या गेल्यावर मी कार्ड काढलं आणि भूपिंदर सिंग हे नाव तीन ठिकाणी लिहिलं. जुनी शाई निळी, ही काळी, त्यामुळे डाग पडल्यासारखं दिसतं. बी बाजूच्या शेवटी तीन मिनिटं उरली होती, तिथे धाकट्याने स्वतःची गिटार भरली होती, मागे आईचा "जेवायला या रे" असा आवाज आहे. कार्डावर त्या जागी मी 'रिकामी' असं लिहिलेलं होतं. ते खोडून त्याचं नाव लिहिलं, आडनावासकट.