लाकडाबरोबर खिळ्याचीही जात लिहा

मा. आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका, सोलापूर यांस,

विषय : बाहेरच्या लाकूडकामात न गंजणारे खिळे-स्क्रू वापरण्याबाबत



आप्पासाहेब वारद यांनी उभारलेले इंद्रभुवन आज साऱ्या शहराचे भूषण आहे. अशा वास्तू जपायच्या म्हटल्या की सागवान कुठले, पॉलिश कोणते, याची चर्चा होते. पण जुन्या वाड्याचा सज्जा असो की बागेतल्या नव्या खोलीला बाहेरून मारलेल्या फळ्या, त्या धरून ठेवणाऱ्या खिळ्यांबद्दल अंदाजपत्रकात सहसा एवढेच असते : ‘आवश्यक त्या खिळे-स्क्रूंसह’. माझी विनंती या एका ओळीपुरती आहे.

सोलापूरची हवा कोरडी, इथे गंज कसला, असे कोणी म्हणेल. पण खिळा असतो लाकडात. पावसाळ्यात फळी पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की आक्रसते. त्यात खिळा सैल होतो, भोकातून पाणी शिरते आणि तो आतल्या आत झिजतो. शिवाय लाकडात टॅनिन असते. हिरडा आणि हिराकस मिळून जशी काळी शाई होते, तसाच टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन खिळ्याखाली काळे ओघळ उतरतात.

दुकानात मिळणाऱ्या सोनेरी-पिवळ्या स्क्रूंवर विजेने चढवलेला जस्ताचा थर साधारण ५ ते १० मायक्रॉनचा असतो. घरातल्या कपाटाला तो पुरतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या, म्हणजे हॉट डिप मालावर हाच थर ४० मायक्रॉनच्या वर जातो. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, म्हणून जाड थर जास्त वर्षे टिकतो.

कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील लागते. सोलापुरात तो खर्च करायची गरज नाही. रंग द्यायच्या फळ्यांना हॉट डिप खिळे पुरेत. पॉलिशच्या उघड्या सागवानाला ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू लावावेत, म्हणजे डाग पडणार नाहीत. वाळवीसाठी तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड असेल तर तिथेही स्टेनलेसच हवे, कारण तांबे जस्ताला झपाट्याने खाते. हॉट डिप बोल्टसाठी आयएस १३६७, भाग १३ हे भारतीय मानक आहे. निविदेत त्याचा उल्लेख असावा आणि पुरवठादाराकडून चाचणीचा दाखला घ्यावा.

लाकडाच्या किमतीपुढे हा वाढीव खर्च किरकोळ आहे. गंजलेला खिळा बदलायचा तर पुन्हा परांची बांधावी लागते, आणि तो उपटताना चांगली फळीही फुटते.

सुतार कितीही कसबी असला तरी ठेकेदार देईल तोच खिळा तो ठोकतो. त्याच्या हातात योग्य खिळा पडेल, अशी अट निविदेत घालणे आपल्या अधिकारात आहे. पुढच्या दुरुस्तीपासूनच ती घालावी, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
सोलापूरचा एक रहिवासी