क्रूझची सफर आणि प्रवाळांचे दर्शन

दिवाळीचे पाडवापूजन आटोपले, नव्या वह्यांची पहिली पाने उघडली, की घराघरांत सहलीची चर्चा सुरू होते. पूर्वी या चर्चेत थंड हवेची ठिकाणे आणि तीर्थयात्रा असत. अलीकडे त्यात ‘क्रूझ’ हा शब्द हमखास ऐकू येतो. तीन पिढ्या एका जहाजावर, सामान वारंवार बांधण्याची दगदग नाही, जेवणाची चिंता नाही, आजी-आजोबांना विश्रांती आणि मुलांना खेळ. एकत्र कुटुंबाला ही सोय आवडावी, हे स्वाभाविकच आहे. त्यातही मुंबईहून किंवा कोचीहून लक्षद्वीपला जाणारी सफर निवडली, तर जहाजाच्या आनंदाला प्रवाळभित्तीच्या दर्शनाची जोड मिळते. ही जोड कशी साधावी आणि साधताना कोणती जबाबदारी ओळखावी, याचा विचार या वेळी करू.

प्रवाळ आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि 1987 साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर समुद्राच्या पोटात ‘आंग्रिया बँक’ नावाचे विस्तीर्ण प्रवाळपठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला लाभले आहे. 2018 साली मुंबई-गोवा मार्गावर जी क्रूझ सुरू झाली, तिचे ‘आंग्रिया’ हे नावही याच दोन संदर्भांतून घेतलेले होते. मात्र आंग्रिया बँक पूर्णपणे पाण्याखाली आहे; सामान्य पर्यटकाने जहाजातून उतरून पाहावे असे ते स्थळ नव्हे. प्रवाळांनी घडवलेल्या भूमीवर पाऊल ठेवायचे असेल, तर आपल्या देशात मुख्यतः लक्षद्वीपकडे जावे लागते.

लक्षद्वीपची सर्व भूमी एकत्र केली तरी ती सुमारे 32 चौरस किलोमीटर भरते. एकंदर 36 बेटे, त्यांतील 10 बेटांवर वस्ती, आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 64 हजार. ही बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहेत. चार्ल्स डार्विन यांनी 1842 साली अशा बेटांच्या जन्माची उपपत्ती मांडली. समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखी पर्वताभोवती प्रवाळांची भित्ती वाढते. पर्वत सावकाश खचत जातो, प्रवाळ मात्र प्रकाशाच्या ओढीने वरवर बांधकाम करीत राहतात. अखेर पर्वत दिसेनासा होतो आणि कंकणासारखी भित्ती उरते. कंकणाच्या आत अडलेले उथळ, निळे-हिरवे पाणी म्हणजे लगून. बाहेरच्या समुद्राची लाट भित्तीवर फुटते, म्हणून आतले पाणी शांत राहते आणि बेटावरची माणसे सुखाने झोपू शकतात.

ही भित्ती बांधणारा कारागीर कसा आहे? प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. पॉलिप नावाचे लहान, मऊ प्राणी वसाहत करून राहतात आणि स्वतःभोवती चुनखडीचे घर रचतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला आसरा देतो. रंगही बहुतांशी या शैवालाचाच. फांद्यांचे प्रवाळ तुलनेने भराभर वाढतात, परंतु गोल घुमटासारखे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटरच वाढतात. म्हणजे कमरेइतका उंच घुमट दिसला, तर त्याचे वय आपल्या पणजोबांच्या पेढीइतके असू शकते. एका बेसावध पायाने त्याचा कडा मोडला, तर ती झीज आपल्या नातवंडांच्या काळातही भरून निघणार नाही.

आपल्या समाजाला या जीवाची ओळख दोन वाटांनी आहे. ‘जीवविचार’ या प्रकरणग्रंथात विद्रुम, म्हणजे पोवळे, पृथ्वीकाय जीवांत गणले आहे. शंख आणि कवडी यांचा समावेश द्वीन्द्रिय जीवांत आहे. आधुनिक जीवशास्त्राची वर्गवारी निराळी आहे, पण जे दगडासारखे दिसते ते सजीव असू शकते, या मुद्द्यावर दोहोंचे एकमत आहे. दुसरी वाट व्यापाराची. दागिन्यातील तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातील, अंधूक प्रकाशाच्या खोल पाण्यातून येते. अठराव्या शतकात इटलीतील लिव्होर्नो बंदराचे व्यापारी पोवळी गोव्याला पाठवीत आणि बदल्यात हिंदुस्थानातील हिरे नेत. लगुनमधले प्रवाळ त्या जातीचे नव्हेत आणि विक्रीची वस्तू तर मुळीच नव्हेत. भित्ती बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांचा दर्जा वाघाच्या बरोबरीचा. किनाऱ्यावर पडलेला मृत तुकडाही आठवण म्हणून पिशवीत टाकू नये. या गुन्ह्याला किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

आता प्रत्यक्ष सहलीचा हिशेब पाहू. लक्षद्वीपची जहाजसहल मुख्यतः दोन प्रकारची आहे. पहिली, लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या संस्थेची ‘समुद्रम्’ सहल. कोचीहून निघणाऱ्या एम. व्ही. कवरत्ती या जहाजाने पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटे दाखवायची, अशी तिची मूळ आखणी. दिवस बेटावर आणि रात्र जहाजावर. दुसरी, मुंबईहून 2021 पासून सुरू झालेली खासगी मोठी क्रूझ. मुंबई ते अगत्ती हे सागरी अंतर सुमारे 900 किलोमीटर आहे. साहजिकच जाण्यायेण्यात बराच काळ जातो आणि बेटाच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. मोठे जहाज लगुनमध्ये शिरू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि लहान होड्यांतून प्रवाशांना आत नेतात. ही ये-जा वजा केली, तर चार रात्रींच्या सफरीत प्रवाळांच्या सान्निध्यात मोजके तासच मिळतात.

म्हणून आरक्षणापूर्वी चार प्रश्न विचारावेत. बेटावर प्रत्यक्ष किती तास मिळणार? स्नॉर्केलिंग किंवा काचेच्या तळाची होडी दरात धरली आहे की तिचे पैसे वेगळे? समुद्र खवळलेला असल्यामुळे उतरता आले नाही, तर काय? मोठ्या जहाजावरून होडीत उतरताना ज्येष्ठांना मदतीची काय सोय आहे? यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. हवामानामुळे बंदर बदलण्याचा किंवा गाळण्याचा अधिकार क्रूझ कंपन्या करारात सहसा राखून ठेवतात. चौथ्या प्रश्नाकडेही दुर्लक्ष नको. होडी आणि जहाज दोन्ही हलत असताना पाऊल टाकावे लागते, आणि गुडघेदुखी असलेल्यांना ते जड जाते.

ऋतूचा योग आपल्या सोयीचा आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो आणि लगुनही गढूळ होते. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, त्या सुमारास समुद्र शांत झालेला असतो आणि पाणी निवळलेले असते. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. बाहेरच्या प्रत्येक व्यक्तीला बेटांवर जाण्यासाठी प्रवेशपरवाना लागतो. तो सहसा सहल-आयोजकच काढून देतो, परंतु ओळखपत्रे व छायाचित्रे वेळेत द्यावी लागतात. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर जैन भोजन मिळते. तरी चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळच्या पंगतीची वेळ सूर्यास्तापूर्वीची आहे का, आणि उकळलेले पाणी मिळेल का, हे आधीच निश्चित करावे. बेटावरील भोजनात मासे हा नित्याचा पदार्थ आहे, म्हणून आपला आहार आयोजकांना अगोदर कळवावा आणि जवळ कोरडा फराळ बाळगावा. बेटांवरील बहुतेक रहिवासी मुस्लिम आहेत, बंगारम वगळता मद्याला बंदी आहे. वस्तीतून फिरताना अंगभर वस्त्रे असावीत.

पाण्यात उतरताना पाळावयाचे नियम थोडे आहेत. प्रवाळांवर उभे राहू नये, त्यांना धरू नये. दम लागला तर जीवरक्षक जॅकेटच्या आधाराने पाठीवर तरंगावे. पायातील पंख्यांनी तळाची वाळू उडवू नये, कारण ती प्रवाळांवर बसून त्यांचा प्रकाश अडवते. माशांना पाव किंवा बिस्किटे घालू नयेत. हे जीवदयेचे काम वाटते, परंतु त्याने त्यांचा स्वाभाविक आहार बिघडतो. उन्हापासून बचावासाठी अंगाला मलम चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. अशा काही मलमांतील ऑक्सिबेन्झोन हे रसायन प्रवाळांना अपायकारक मानले जाते आणि हवाईमध्ये 2021 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी काचेच्या तळाची होडी निवडावी. त्यात कमीपणा नाही. बेटांवर गोड्या पाण्याचा साठा वाळूखाली पातळ थरात असतो. कवरत्तीला 2005 पासून समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र चालवावे लागते, यावरून तेथील टंचाई ओळखावी आणि आंघोळीचे पाणी जपून वापरावे.

इतके जपायचे कशासाठी? समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पाणी लवकर निवले तर ते सावरतात. अन्यथा उपासमारीने मरतात. लक्षद्वीपने 1998, 2010 आणि 2016 मध्ये हे संकट सोसले. 2023 च्या ऑक्टोबरअखेरपासून समुद्रातील उष्णतेची लाट टिकून राहिली आणि 2024 च्या मे महिन्यात कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तेथे व्यापक ब्लीचिंग झाल्याचे सांगितले. 1998 ते 2022 या काळात पाहणी झालेल्या बेटांवरील जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे निम्म्यावर आले आहे. भित्ती वाढायची थांबली आणि झिजू लागली, तर लाटा थेट किनाऱ्यावर येतील. बेटाला दुसरी तटबंदी नाही.

व्यापारी माणसाला ही गोष्ट चटकन कळेल. भित्ती हे बेटांचे मुद्दल आहे. शांत लगून, किनारा, नारळाच्या बागा, पर्यटन, बेटवासीयांची उपजीविका, हे सारे तिचे व्याज. हजारो पर्यटक आले आणि व्याजावर समाधानी राहून परतले, तर पेढी चालत राहते. प्रत्येकाने मुद्दलातून चिमूटभर नेले, तर वही कितीही नीटनेटकी असली तरी दिवाळे अटळ आहे.

येथे एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. जहाज इंधन जाळते, त्या धुराचा वाटा समुद्र तापण्यात आहे आणि त्याच तापलेल्या समुद्रातील प्रवाळ पाहायला आपण जातो. मग जावे की न जावे? लक्षद्वीपला जाऊच नये, असे म्हणणे बेटवासीयांच्या उत्पन्नावर अन्याय करणारे आहे, आणि जे पाहिलेच नाही त्याविषयी कळकळही उपजत नाही. परंतु ज्यांना सफरीत मुख्यतः जलतरण तलाव, गाण्याचे कार्यक्रम आणि पंक्तीभोजन हवे आहे, त्यांनी मुंबई-गोवा मार्गाची छोटी सफर करावी. तो आनंदही निर्मळच आहे आणि त्यासाठी प्रवाळांपर्यंत जाण्याचे कारण नाही. ज्यांना प्रवाळच पाहायचे आहेत, त्यांनी वर्षाआड दोन धावत्या सहली करण्यापेक्षा एकदाच, बेटावर अधिक वेळ देणारी सहल करावी, स्थानिक होडीवाल्याला व मार्गदर्शकाला काम द्यावे आणि घाई न करता पाहावे.

मुलांना निघण्यापूर्वी घरीच प्रवाळांची ओळख करून द्यावी. लगुनमध्ये किती जातींचे मासे आणि किती आकारांचे प्रवाळ दिसले, याची नोंद त्यांना छोट्या वहीत करायला सांगावी. परत आल्यावर पाहुण्यांसमोर मांडायला शंख-शिंपल्यांऐवजी ती वही असू द्यावी. तिच्यात मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असेल, आणि लगुनमधले सारे लगुनमध्येच राहिलेले असेल.