नारळ, यंत्र आणि ग्रामसभा

बोअर घ्यायचं ठरलं की आपल्याकडे आधी पाणाड्या येतो. तळहातावर आडवा नारळ ठेवून रानभर फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथं खूण करतो. काही जण आता त्याच्याऐवजी भूवैज्ञानिकाला बोलावतात. तो जमिनीत सळ्या रोवतो, वीज सोडतो आणि खडकाचा विद्युतरोध मोजतो. मी यंत्रवाल्याच्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो. पण दोघांपुढे प्रश्न एकच असतो, "माझ्या रानात पाणी कुठं लागेल?" माझं भांडण या प्रश्नाशी आहे.

१. आधी हिशेब. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा. यात पाणी साठतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात आणि कातळाच्या फटींत. पातळी उतरते तेव्हा या खडकातून सुटणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के. २ टक्के धरा. एक हेक्टर रानाखाली पातळी १ मीटर उतरली तर हाती येतं २ लाख लिटर. त्याच रानाला साडेसात सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर लागतं साडेसात लाख लिटर. थोडं परत मुरतं, ते सोडून देऊ. एका पाळीला पावणेचार मीटर! एवढं पाणी एकट्याच्या रानाखालून येत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो, मग तोही बोअर घेतो, तेही आपल्याहून खोल.

२. विज्ञान इथवर चोख आहे. कुणी किती उपसावं, हे मात्र खडकात लिहिलेलं नसतं. ते माणसांनी ठरवायचं, आणि आपण ठरवलं ते १८८२ च्या ईझमेंट ॲक्टच्या वळणानं: जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी त्याचं. जिला बांध कळत नाही अशा वस्तूला आपण बांध घातला. राज्याचा भूजल कायदा २००९ चा, अंमल २०१४ पासून. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. बोअरच्या गाडीवाल्याला एकदा विचारून बघा, तो किती फूट खाली जातो.

३. शेततळं ही कल्पना वाईट नाही. पावसाचं वाहतं पाणी अडवायला ते हवंच. पण प्लास्टिकचा कागद अंथरून त्यात बोअरचं पाणी भरलं, की सगळ्यांच्या वाट्याचं झाकलेलं पाणी एकाच्या मालकीचं उघडं होतं, आणि वर उन्हात उडून जातं. अनुदान देताना तळ्याची लांबी-रुंदी मोजतात. ते कशानं भरतं, हेही मोजायला हवं.

४. वेगळा प्रश्न विचारणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. विलासराव साळुंखे, पेशानं इंजिनिअर. १९७२ चा दुष्काळ पाहून ते पुरंदर तालुक्यातल्या नायगावात जाऊन राहिले. त्यांनी पाणलोटाचं काम केलंच, पण खरी कामगिरी पुढची. पाणी किती आहे हे मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, माणसं किती? त्यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीचा नियम असा ठरला: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला कमाल अडीच एकर. वीस एकरवाल्यालाही तेवढंच. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. जमिनीबरोबर पाणी विकता येणार नाही. यात अवघड यंत्र एकही नाही, तरी मी याला तंत्रज्ञानच म्हणेन, कारण माणसांचा हावरेपणा आणि भीती दोन्ही त्यात धरलेली आहेत. खेद एवढाच की भूमिहीनाचा वाटा राज्याचं धोरण कधी झाला नाही.

५. "हिवरे बाजार एकच असतं," हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो अर्धा खरा आहे. अहिल्यानगरजवळच्या या कमी पावसाच्या गावात सिंचनासाठी बोअर बंद, ऊस बंद; पाऊस मोजून, ताळेबंद मांडून पिकं ठरतात. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, तेव्हापासून हे घडत गेलं. प्रत्येक गावाला असा माणूस मिळणार नाही. म्हणूनच नियम माणसाच्या पुण्याईवर न सोडता कामकाजात बसवायला हवा.

६. कसा? २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, रब्बीची पेरणी व्हायच्या आधी, पाण्याचा ताळेबंद हाच पहिला विषय असावा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात. त्यांवरून किती पाणी आहे ते गावच्या फळ्यावर, लिटरमध्ये, मराठीत लिहावं. आधी पिण्याचं पाणी आणि जनावरांचं वजा करावं, मग उरलेल्यात पिकं बसवावीत. आकडा भूवैज्ञानिकानं सांगावा. वाटणी त्यानं सांगू नये. आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचं मत आधी घ्यावं. एप्रिलात टँकरपाशी हंडा घेऊन उभी राहणारी बाई बहुतेक वेळा त्यांच्यातलीच असते, आणि बोअर कुठं लागेल हे तिला आजवर कुणी विचारलेलं नाही.