टोमॅटोची प्रतवारी

आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. तेथें जमिनीचा आकार नुसत्या क्षेत्रावरून बसवीत नसत. मातीचा कसही पाहत. टोमॅटोची प्रत मात्र आज केवळ वजन, चकाकी आणि एकसारखा रंग ह्यांवरून ठरते. फळाचा कस कोणी पाहत नाहीं, ह्याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें असें आम्हांस वाटतें.

टोमॅटोचा रानटी पूर्वज पेरू व इक्वेडोर ह्या देशांत अद्याप आपोआप उगवतो. त्याचें फळ सुमारें १ सेंटिमीटर व्यासाचें, करवंदाहूनही लहान. परंतु टोमॅटोस तांबडा रंग देणारें लायकोपीन नांवाचें द्रव्य त्यांत पेठेंतील फळाहून अधिक आढळतें. प्राणवायूच्या क्रियेनें होणारी पेशींची झीज आवरणाऱ्या द्रव्यांत शास्त्रज्ञ त्याची गणना करतात. क्वेर्सेटिनासारखीं दुसरीं हितकर द्रव्यें मुख्यतः सालींत असतात. चेरी टोमॅटोसारख्या लहान फळांस वजनाच्या मानानें साल अधिक. अर्थात् हीं द्रव्येंही अधिक.

मग मोठ्या फळांतील कस गेला कोठें? त्याचें एक कारण अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील व इतर संशोधकांनीं २०१२ सालीं दाखवून दिलें. पूर्वीं कच्च्या फळाचा देठाकडील भाग गर्द हिरवा असे. फळें एकसारखीं पिकावींत म्हणून फिकट, एकरंगी फळांचें बीं निवडण्यांत आलें. त्या निवडीबरोबर फळांत हरितद्रव्य वाढविणारा गुण निकामी झाला, आणि साखर व लायकोपीन दोन्ही घटलीं.

लहान फळांची तोडणी परवडत नाहीं, असें कोणी म्हणतील. तें खरें आहे; नारायणगांवच्या बाजारांत पैसे वजनाचे मिळतात, सत्त्वाचे नव्हे. पेठेसाठीं संकरित वाण लावूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आपल्या मुलाबाळांच्या ताटांत काय पडावें, हें अडत्यानें कां ठरवावें? मळ्याच्या कडेस लहान फळाच्या सरळ वाणाचीं पांचदहा झाडें लावण्यास जागा किती लागते?

लायकोपीन तेलांत विरघळतें व शिजविल्यानें अंगीं अधिक लागतें. त्या दृष्टीनें वऱ्हाडांतील भेदऱ्याची चटणी उत्तम होय. हें औषध नव्हे, नित्याचें सकस अन्न आहे.

सभासदांनीं येत्या हंगामांत हीं झाडें लावावींत, उत्तम झाडाचें बीं स्वतः राखावें व शेजाऱ्यांस द्यावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.